ब तुकडीचं गाऱ्हाणं

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाच माणसाचा हेवा केला, पण तो अगदी मन लावून केला. संपादकांनी दिवाळी अंकासाठी मागितलं ते वेगळंच होतं. ‘पेडणेकर सर, तुमच्या त्या गाऱ्हाण्याच्या पद्धतीवर लिहा, लोकांना गंमत वाटेल,’ असं ते म्हणाले. लिहितो. पण त्या पद्धतीवर लिहायचं तर हेव्यावरही लिहावं लागेल, कारण ती पद्धत माझी नाही.

मी तळेऱ्याच्या तिठ्यावरून आत, एका खेड्यातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. गावात भातशेती, काजू आणि थोडे आंबे. माझं घराणं शिक्षकांचं, वडील मास्तर, चुलते मास्तर. इंग्रजीचा कागद गावात कुणाकडेही आला तरी तो शेवटी माझ्या हातात यायचा. बोटीवर गेलेल्या मुलाचं पत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागद, मिक्सरच्या डब्यातली माहितीपुस्तिका, सगळं. एकदा बुधाजी नावाचे एक शेतकरी वनखात्याला अर्ज लिहून घ्यायला आले. माकडांनी त्यांच्या बागेत एक नारळ ठेवला नव्हता. मी म्हटलं, मराठीत लिहू या, सरकारी कामकाज मराठीतच चालतं.

‘मराठीतल्या अर्जाक कोण इचारता? इंग्लिशात लिवा. घाबरांदेत जरा.’

मी लिहिलं, ‘आय रिक्वेस्ट यू टू रिमूव्ह द मंकीज.’ अर्थ सांगितला, मी आपणास माकडे हलवण्याची विनंती करतो. बुधाजी नाराज झाले. ‘इनंती कित्या? तेंका सांगा, माकडां न्या, नायतर मी धरून हाडतंय आणि तुमच्या हापिसात सोडतंय.’ ते वाक्यही मी इंग्रजीत करून दिलं. माकडं तिथेच राहिली. पण इंग्रजीत आपण सरकारला दम दिला, याचं समाधान बुधाजींना पुष्कळ दिवस पुरलं.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की एकाने दुसऱ्याला काहीतरी करायला सांगणं, लावणं, देणं, विनवणं हे माझ्या विषयातलं सगळ्यात अवघड प्रकरण. बाहेरच्या माणसाला वाटतं इंग्रजीत स्पेलिंग अवघड. स्पेलिंग पाठ होतं. हे होत नाही. आपण म्हणतो, ‘बाबांनी मला शेतात जायला सांगितलं.’ आपल्याकडे ‘मला’ आणि ‘जायला’ कुठेही ठेवा, वाक्य पडत नाही. इंग्रजीत प्रत्येकाची जागा ठरलेली. आधी सांगणारा, मग सांगणं, मग ज्याला सांगितलं तो, आणि शेवटी ‘टू’ लावून काम. ‘फादर टोल्ड मी टू गो.’ पंगतीत पानं मांडतात तसं, एक पान इकडचं तिकडे झालं की सगळी पंगत चुकते. त्यातही वाँट, आस्क, टेल, अलाऊ यांना मध्ये ‘टू’ लागतं. लेट आणि मेक यांना अजिबात चालत नाही. आणि हेल्पला कसंही चालतं, ते एक भलं क्रियापद आहे.

यासाठी मी एक पुठ्ठ्याचा तक्ता केला होता. डावीकडे टू-वाली, उजवीकडे टू-विनाची, खाली हेल्प. काळ्या शाईने, बोरूने, सुंदर अक्षरात. पोरांनी उभं राहून तो तीनदा म्हणायचा. ‘आस्क टेल वाँट अलाऊ’ हे माझ्या वर्गातून गेलेल्या माणसाला आज पन्नाशीतही झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. कणकवलीच्या बाजारात भेटणारी माणसं मला ते म्हणून दाखवतात. त्यानंतर मात्र त्यांना इंग्रजीत एक वाक्य बोलता येत नाही. परीक्षेत गाळलेल्या जागा बरोबर भरायची, तोंडाने विचाराल तर ‘आय वाँट दॅट ही गोज.’ मी म्हणायचो, पोरंच तशी. आणि वर्गात कुणी मालवणी बोललं तर बाकावर उभं करायचो. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी, नाहीतर शुद्ध मराठी, हा माझा नियम होता.

मेस्त्री आमच्या शाळेत आला तेव्हा सव्वीस वर्षांचा असेल. गाव वैभववाडीच्या बाजूला, वडील सुतार. शिक्षणसेवक म्हणून लागला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं उमेदवारी. काम पूर्ण शिक्षकाचं, पण कायम होण्याचा भरवसा तीन वर्षं संपल्यावर. त्याचं इंग्रजी मालवणी चालीचं होतं, वाक्य शेवटी वर जायचं. स्टाफरूममध्ये मी त्याच्या उच्चारांवर दोनचार कोट्या केल्या. तोही हसला. मी ‘मेस्त्री’ म्हणायचो आणि तो ‘सर’. रिवाजाप्रमाणे मी नववी अ घेतली आणि त्याला ब दिली. ब तुकडीत लांबच्या वाड्यांवरची पोरं होती, वर्गात मान वर न करणारी. अ आणि ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. सगळं ऐकू यायचं.

त्याच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. मी माझा तक्ता म्हणवून घेत होतो. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, लांबवलेला, चढत जाणारा. पाठोपाठ सगळा वर्ग एका दमात ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’

माझी पोरं हसली. मला आधी कळेचना. मग पुढचं ऐकू आलं. ‘ओ महाराजा, वुई आस्क यू टू सेव्ह अवर काजू!’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘लेट द मोहोर स्टे ऑन द ट्री!’ ‘व्हय म्हाराजा!’

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे ज्यांच्या घराण्याला तो मान आहे ते, देवासमोर उभे राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतात: लेकरांना बरी बुद्धी दे, गुरांना सांभाळ, परगावी गेलेल्यांना सुखरूप घरी आण. प्रत्येक मागण्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. शेंबड्या पोरालाही ती चाल पाठ असते. मेस्त्रीने ती चाल उचलून तिच्यात माझं अवघड प्रकरण बसवलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे दुसरं काय, कुणाला तरी काहीतरी करायला विनवणं. एक पोर पुढे उभं राहून देवाला मागतं, मागणं प्रत्येकाने आपल्या घरचं आणायचं, बाकीच्यांनी व्हय म्हणायचं.

हे माझ्या लक्षात आलं आणि मी तक्ता म्हणवून घ्यायचा थांबलो. इतकी वर्षं मी त्याच गावात राहत होतो, वर्षातून चारदा त्याच देवळात उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं ते काल आलेल्या या पोराच्या.

पंधरा दिवसांत ब तुकडी बोलायला लागली. प्रणाली नावाची एक मुलगी होती, हजेरीलाही जिचा आवाज निघत नसे. ती एकदा जिन्यात मला म्हणाली, ‘सर, मे आय आस्क यू टू साइन धिस?’ वाक्य बिनचूक होतं. मी सही केली आणि तिला शाबासकी दिली नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

माझ्या अ तुकडीतली पोरं पार्टिशनला कान लावून बसायची. मी तक्ता म्हणा म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

आता जे केलं ते सांगतो. आबा परब हे आमच्या गावचे गावकार. गाऱ्हाण्याचा मान त्यांचा. एका संध्याकाळी ते तिठ्यावरच्या दुकानात भेटले. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणालो, ‘आबा, आमच्या शाळेत हल्ली तुमचं गाऱ्हाणं घालतात हां. इंग्रजीत.’

आबांच्या हातातली विडी तशीच राहिली. ‘कोण घालता?’

‘नवीन मास्तर आहेत. ते मुलांकडून घालून घेतात. मुलं खूप हसतात.’

मुलं हसत नव्हती. हसत होती ती माझ्या वर्गातली. पण मी ते तसंच सोडून दिलं.

‘खंयचो तो?’

‘वैभववाडीकडचे.’

‘भायरचो माणूस आणि आमचा गाऱ्हाणा?’ आबा उठले. ‘गाऱ्हाणा म्हणजे काय नाटकातला गाणा आसा? फाल्या येतंय मी शाळेत.’

मी घरी गेलो. बायकोने विचारलं, आज खुशीत दिसताय. मी म्हटलं, काही नाही, हवा छान आहे.

दुसऱ्या दिवशी आबा खरोखरच आले. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी, देवळात जाताना घालतात तेच कपडे. मुख्याध्यापक घाबरले. मी पर्यवेक्षक, म्हणून आबांना घेऊन ब तुकडीत गेलो. पुढे काय होणार ते मला बघायचं होतं. आबांनी मेस्त्रीला विचारलं, ‘तुम्ही हयसर गाऱ्हाणा घालतास?’

मेस्त्री पांढराफटक पडला. ‘आबा, चुकला आसात तर बंद करतंय. माझ्या गावात माझे आजे देवळाचा सुतारकाम करीत. मस्करी म्हणान नाय केलंय.’

‘बंद मगे कर. आदी घाल बघया. मी आसंय हयसर.’

आबा पहिल्या बाकावर बसले. बाक लहान, त्यांचे गुडघे वर आले. मेस्त्रीने प्रणालीला पुढे बोलावलं. ती इतकी घाबरली होती की पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. मग चाल सापडली आणि आवाज मोकळा झाला. ती एकेक मागणं मागायची, वर्ग व्हय म्हणायचा, आणि मेस्त्री आबांना त्याचा अर्थ मालवणीत सांगायचा. काजू सांभाळ. मोहोर टिकू दे. माझ्या आजीचा गुडघा बरा कर. दहावीला आम्हाला मदत कर. आबा मान खाली घालून ऐकत होते. मग प्रणाली म्हणाली, ‘मेक द रेन वेट.’

‘ह्या काय सांगल्यान?’

‘पावसाक थांबूक लाव, असा.’

‘लाव?’ आबांनी मान वर केली. ‘देवाक हुकूम करतास काय गो? बैलाक कामाक लावतत. देवाक नाय. देवाक इनवूचा.’

मला वाटलं, झालं आता. मेस्त्री फळ्याकडे वळला. त्याने बैलाचं चित्र काढलं, वाईटच, आणि त्याखाली ‘मेक’ लिहिलं. शेजारी देऊळ काढलं आणि त्याखाली ‘आस्क’. मग एक उघडं दार काढलं आणि त्याखाली ‘लेट’. ‘आबा सांगतत ता खरा,’ तो पोरांना म्हणाला. ‘ज्याच्यावर आपली सत्ता, तेका मेक. ज्याची आपल्यावर सत्ता, तेका आस्क. आणि जो सोताच जावक बघता, तेका लेट, फकस्त वाट सोडूची.’

मी दारात उभा होतो. बावीस वर्षं माझ्या तक्त्यावर मेक आणि लेट एकाच रकान्यात होते, कारण दोघांनाही ‘टू’ लागत नाही. त्या दोघांत बैल आणि उघडं दार एवढा फरक आहे, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

आबांना फळ्यावरचा बैल आवडला. त्यांनी आणखी एक चूक काढली. ‘चुकला-माकला पदरात घी, ह्या इसारलास. त्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होना नाय.’ मेस्त्रीने तेही इंग्रजीत करून पोरांकडून म्हणवून घेतलं. शेवटी ‘व्हय म्हाराजा’ झालं तेव्हा आबांनीही ते म्हटलं. निघताना एक अट घातली. ‘पायातली व्हाणा भायर काढूची. आणि हसूचा नाय. मगे खुशाल घाला.’ आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सर, तुम्ही माका खबर दिलास ता बरा केलास. माका गावला नसता ह्या.’

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. ‘सर, तुम्हीच बोलावलंत आबांना?’ स्टाफमधल्या माणसाशी बोलायचं म्हणून प्रमाण मराठी. ‘उपकार झाले.’

त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. त्या दिवसापासून नववी ब च्या दाराबाहेर इंग्रजीच्या तासाला चपलांची रांग लागायला लागली. माझ्या वर्गात जाताना मला ती ओलांडून जावं लागायचं.

असल्या वेळी माणसाने काय करावं? त्याच्या वर्गात जाऊन बसावं, दोन गोष्टी शिकाव्यात. माझं वय आणि माझी खुर्ची आड आली. मी स्टाफरूममध्ये म्हणायला लागलो, की बोलणं ठीक आहे, पण पाया कच्चा राहतो. कुणी प्रणालीचं कौतुक केलं की मी विषय बदलायचो. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना ब तुकडीच्या गठ्ठ्यात मी चुका शोधल्या, आणि त्या कमी निघाल्या तेव्हा चष्मा पुसून पुन्हा शोधल्या.

त्या वर्षअखेर, उन्हाळ्यात, त्याची तीन वर्षं भरत होती. त्याला कायम करायचं की सोडायचं, हे संस्थेने ठरवायचं होतं. मुख्याध्यापक गणिताचे. ते म्हणाले, ‘इंग्रजीतलं मला काय कळतंय? विषयाचा अभिप्राय तुम्हीच द्या पेडणेकर. चेअरमन त्यावरच ठरवतील.’ म्हणजे मेस्त्रीची नोकरी माझ्या टेबलावर आली. मला हे पुरतं ठाऊक होतं. त्याच्या घरी दोन बहिणी होत्या, वडिलांचे हात थरथरायला लागले होते, हेही ठाऊक होतं.

अभिप्राय मी इंग्रजीत लिहिला. त्यातलं एक वाक्य माझं मला फार आवडलं होतं. ‘ही मेक्स द प्युपिल्स शाउट, ही डझ नॉट मेक देम थिंक.’ तो मुलांना ओरडायला लावतो, विचार करायला लावत नाही. वाक्यात दोनदा मेक, दोन्हीकडे ‘टू’ नाही, कर्म जिथल्या तिथे. व्याकरणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आणि त्यात सांगितलेलं सगळं खोटं होतं. बैल, देऊळ आणि दार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मेस्त्रीला कायम केलं नाही. निरोपाला त्याला नारळ आणि शाल दिली. शाल मी दिली, पर्यवेक्षक म्हणून. पोरं रडली. आबा शाळेच्या फाटकापर्यंत आले, त्याच्या हातात काजूगरांची पिशवी दिली, आणि विचारलं, ‘कित्या जातंस रे?’ तो म्हणाला, ‘मुदत सरली, आबा.’ मी तिथेच होतो. आबांनी मला काही विचारलं नाही.

जूनमध्ये नवीन माणूस येईपर्यंत दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या. ब आता दहावी ब झाली होती. मी तक्ता काखेत घेऊन गेलो. दाराबाहेर चपला ओळीने काढलेल्या, आत वर्ग उभा. मी म्हटलं, बसा. कुणी बसेना. प्रणाली म्हणाली, ‘सर, आदी गाऱ्हाणा.’

मी तिला रागावणार होतो, मालवणीबद्दल तरी. पण ती पोरं मेस्त्रीची वाट बघत उभी होती, माझी नव्हे, हे मला दिसत होतं, आणि ते सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, घाला. आणि मीही चपला काढल्या. त्या वर्षी शिकवलं मी, पण शिकलोही मीच. पुढच्या वर्षी ते मी अ तुकडीतही सुरू केलं. त्याच्या पुढच्या वर्षी तक्ता घरी नेला. नवी पोरं आली, त्यांना मेस्त्री माहीत नव्हता. हळूहळू लोक म्हणायला लागले, पेडणेकर सर गाऱ्हाणं घालून इंग्रजी शिकवतात. मी एकदाही म्हटलं नाही की हे माझं नव्हे. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. कुणी विचारलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ओरोसला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. फलकावर ‘पेडणेकर सरांची गाऱ्हाणं पद्धत’ असं लिहिलेलं. सकाळी एसटीने गेलो, नवा शर्ट घालून. जिल्ह्यातले शिक्षक जमले होते. मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, हशा झाला, मग हशा थांबला. मी गाऱ्हाणं घातलं, अख्खं सभागृह ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. मग मी फळ्याकडे वळलो, बैल काढला, देऊळ काढलं, दार काढलं. आबांनी मुलीला काय म्हटलं होतं तेही रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. वळून बघतो तर तिसऱ्या रांगेत मेस्त्री.

कानशिलं पांढरी झाली होती. हात जोडलेले होते, गाऱ्हाण्याला जोडतात तसे. मी पुढचा अर्धा तास बोललो, काय बोललो ते आठवत नाही. चहाच्या वेळी तो स्वतःच माझ्याकडे आला. वाकून नमस्कार केला.

‘सर, ओळखलंत?’

‘अरे, मेस्त्री! कुठे असता?’

आमच्या शाळेतून गेल्यावर दोन वर्षं तो घरी आंब्याच्या पेट्या ठोकत होता. मग परीक्षा देऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. एका बहिणीचं लग्न झालं, एकीचं राहिलं. हे त्याने चहाचा कप हातात धरून, कुणाची तक्रार न करता सांगितलं. पद्धतीबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. आजूबाजूचे लोक माझं अभिनंदन करत होते, आणि तो बाजूला सरकून त्यांना जागा देत होता. त्याने चारचौघांत माझी चोरी पकडली असती तर मी उलट उत्तर दिलं असतं, भांडलो असतो, निदान घरी येऊन त्याला शिव्या दिल्या असत्या. त्याने मला तेवढंही करू दिलं नाही, याचाही मला त्या दिवशी रागच आला.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. संपादकांचं पत्र आलं तेव्हा ते आठ दिवस टेबलावर होतं. आबा आता नाहीत. ओळखीच्या एकाकडून मेस्त्रीचा नंबर मिळवला आणि रविवारी सकाळी फोन केला. मागून रंध्याचा आवाज येत होता. वडिलांची हत्यारं तो अजून चालवतो, असं दिसलं.

मी प्रास्ताविक काही केलं नाही. ‘मेस्त्री, गाऱ्हाण्याची पद्धत तुमची. दिवाळी अंकात तसं लिहितोय. आणि तुम्हाला कायम केलं नाही ते माझ्या अभिप्रायामुळे. तेही लिहितोय.’

‘माका म्हायत आसा, सर.’ रंधा चालूच होता. ‘चेअरमनांनी तेव्हाच तो कागद वाचून दाखवल्यानी.’

‘म्हणजे ओरोसला तुम्हाला माहीत होतं?’

‘व्हय. थंय बोलूचा म्हणानच इललंय मी. फलकावर तुमचा नाव वाचलंय आणि म्हटला, आज उभ्यान सगळ्यांका सांगतंय. तिसऱ्या रांगेत तेच्यासाठीच बसललंय.’

‘मग बोललात का नाहीत?’

तो थोडा हसला. ‘तुम्ही ता आबांचा सांगलास ना, देवाक इनवूचा म्हणान. आबा बाकावर कसे बसलले, गुडघे कसे वर इलले, ता सगळा. माका सांगूक जमना नाय तसा. माझ्या बाजूक एक बाई बसलली, तिच्या डोळ्यांत पाणी इला. मगे म्हटला, ऱ्हवांदे. बरा शिकवतत.’

मी म्हटलं, ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, लेखात घालतो.’

‘माझा नको, सर. आबांचा घाला. बैल तेंचो. मी फकस्त चित्र काढलंय, आणि ता पण बरा नाय इला.’

मग त्याला कुणीतरी हाक मारली, तो ‘ठेवतंय हां सर’ म्हणाला आणि फोन बंद झाला. मला वाटलं होतं, एकदा कबूल करून टाकलं की इतक्या वर्षांचा तो हेवा सुटेल. तसं झालं नाही. दोन वर्षं पेट्या ठोकलेला माणूस रंधा न थांबवता म्हणतो, बरा शिकवतत. त्या अभिप्रायात मला त्याच्याबद्दल एवढंच लिहायचं होतं, आणि खरंही तेवढंच होतं. मी नाही लिहिलं. तो माझ्याबद्दल ते सहज बोलून गेला. मला त्या माणसाचा अजून हेवा वाटतो.